अंबाडीची पारख कोणाच्या मापाने?

महाराष्ट्राच्या शेतीचा इतिहास सांगणारे ग्रंथ जमीनमहसुलापासून सुरू होतात आणि कापूस, ऊस, भुईमूग या पैशाच्या पिकांपाशी येऊन थांबतात. त्यांत दोराला जागा नसते. वस्तुतः गावची सारी शेती दोरावर उभी होती. नाड्याशिवाय मोट विहिरीतून वर येत नव्हती, वेसण-कासऱ्याशिवाय बैल वळत नव्हता, दाव्याशिवाय गाय गोठ्यात राहत नव्हती, चऱ्हाटाशिवाय कडब्याच्या पेंढ्या गाडीवर टिकत नव्हत्या. हा दोर ज्या पिकांतून येई ती पिके म्हणजे अंबाडी आणि ताग, शिवाय बांधावरचे घायपात. ज्या हातांतून येई ते हात गावकुसाबाहेरचे, बहुतेक ठिकाणी मांगवाड्यातले. पीक कुणब्याच्या शेतात, दोर मांगाच्या हातात आणि पिकाची पारख मात्र तिसऱ्याच कोणाच्या वहीत, अशी ही वाटणी गेल्या दोनशे वर्षांत कशी होत गेली, त्याचा थोडा शोध येथे घ्यायचा आहे.

वाणाची पारख ही वरवर पाहता अगदी निरुपद्रवी बाब आहे. शेताचे सारखे तुकडे पाडायचे, प्रत्येकात वेगळे वाण पेरायचे, खत आणि अंतर सारखे ठेवायचे आणि शेवटी मोजायचे. उंची किती, बुंध्याची जाडी किती, फुलोरा कितव्या दिवशी, हिरवे वजन किती, त्यातून वाळला वाख किती निघाला, तो वाख किती ताण सोसतो. वैरणीसाठी पारख करायची असेल तर पाल्याचे खोडाशी प्रमाण किती, प्रथिने किती, जनावराला पचते किती. या आकड्यांत खोटे काही नसते. ते मोजणारी माणसे बहुधा प्रामाणिक आणि कष्टाळू असतात. पण तक्त्यात कोणते रकाने आखायचे हे झाड ठरवीत नाही, माणूस ठरवतो. तो माणूस ज्या समाजात वाढला त्या समाजाला जे दिसत नाही, ते त्याच्या तक्त्यालाही दिसत नाही.

अंबाडी हे नाव आपल्याकडे दोन सख्ख्या जातभगिनींना मिळून आहे. एकीला वनस्पतिशास्त्रात हिबिस्कस कॅनाबिनस म्हणतात, दुसरीला हिबिस्कस सब्दरिफा. पहिली मुख्यतः वाखाची, दुसरी लाल देठांची आंबट भाजीची आणि बोंडांची; तिच्यातही उंच, न फुटणारे असे वाखाचे वाण आहेतच. बंगालात दोघींना मेस्ता म्हणतात, तेलुगू मुलखात आंबट पाल्याला गोंगुरा. बाहेरच्या जगात पहिलीचे नाव केनाफ. इंग्रज व्यापारी तिला दख्खनचा ताग म्हणत, आणि विशाखापट्टणमजवळच्या बिमलीपट्टणम बंदरातून माल जाई म्हणून बिमलीचा तागही म्हणत. तिचे मूळ आफ्रिकेत असावे असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे जिला आपण आपल्या मातीची म्हणतो ती अंबाडीसुद्धा परमुलखातून आलेली. तिला कोणी गावाबाहेर ठेवले नाही, एवढाच फरक.

दख्खनच्या पठारावर अंबाडीचे सलग शेत क्वचितच असे. ज्वारी-बाजरीत किंवा तुरीत चार ओळी, नाहीतर शेताच्या कडेने एक पट्टा. पाऊस लागला की रोपे दाट उगवत. बाया विरळणी करत आणि उपटलेली कोवळी रोपे भाजीला घरी येत, उरलेला पाला गुरापुढे पडे. राहिलेली झाडे सरळ, बिनफांदीची वाढत. बी वेगळे राखायचे असेल तर काही झाडे मोकळ्यावर सोडत. बियांचे तेल निघे. वाख काढून झाल्यावर उरणाऱ्या सणकाड्या चूल पेटवायला होत. माणसाचे कालवण, जनावराची वैरण, दोर आणि जळण एकाच झाडातून मिळवण्याची ही रीत होती. आज शेतीशास्त्रात ज्याला दुहेरी-तिहेरी उपयोगाचे पीक म्हणतात, त्याची पारख या बायांनी कोणत्याही तक्त्यावाचून केलेली होती. किती दाट पेरले म्हणजे फांदी फुटत नाही, कोणत्या दिवसापर्यंत उपटलेले रोप कोवळे लागते, कोणत्या अवस्थेला तोडले म्हणजे वाख चिवट मिळतो, हे ठाऊक असल्याशिवाय हे पीक साधतच नाही.

पण वाख झाडावर दिसत नाही. तो सालीत दडलेला असतो आणि साल काडीला चिकटलेली असते. त्यांना सोडवायचे तर कापलेल्या पेंढ्या साचलेल्या पाण्यात दहा ते वीस दिवस बुडवून ठेवाव्या लागतात. पाण्यातले जंतू सालीतला चिकट भाग खातात आणि धागे मोकळे होतात. दिवस कमी पडले तर साल निघत नाही. जास्त झाले तर धागाच कुजतो आणि दोर पहिल्या ओढीला तुटतो. ही वेळ बोटांनी चाचपून ठरवावी लागते. मग कमरेएवढ्या काळ्या, आंबलेल्या, घाण मारणाऱ्या पाण्यात उभे राहून एकेक पेंढी सोलायची, आपटायची, धुवायची. हातापायांची सालटे निघतात, अंगाचा वास चार दिवस जात नाही. शंभर शेर हिरव्या झाडातून पाचएक शेर वाख मिळतो. बाकीचे पंचाण्णव शेर उचलायचे, बुडवायचे आणि बाहेर काढायचे हे काम उरतेच.

हे काम कोणी करायचे याचा निकाल धर्माने आणि गावाने फार पूर्वी लावून ठेवला होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जानव्याचे सूतसुद्धा वर्णावर वाटून दिले आहे : ब्राह्मणाला कापसाचे, क्षत्रियाला शणाचे, वैश्याला लोकरीचे. म्हणजे शणाचा धागा अंगावर घालायला पवित्र होता. दहाव्या अध्यायात मात्र अडचणीच्या काळी व्यापार करणाऱ्या ब्राह्मणाने जे विकू नये त्या वस्तूंत शणाचे कापडही आहे. धागा घालावा पण त्याच्या व्यवहारात हात घालू नये, असा हा न्याय. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातींची जी मोठी नोंद प्रसिद्ध केली, तिच्यात नर्मदेकडच्या कुमरावत आणि लोऱ्हा या जातींची माहिती आहे. हे लोक सण पिकवतात, गोणपाट विणतात, म्हणून बाकीच्या शेतकरी जाती त्यांना खालचे लेखीत. जमीन तीच, नांगर तोच. एका पिकापायी माणसाची पायरी उतरली. कुजवण्याच्या घाणीचा विटाळ पिकाला चिकटला आणि पिकाचा माणसाला.

आपल्याकडे शेतकऱ्याने अंबाडी पेरायला हरकत मानली नाही. त्याने पेरणे आपल्याकडे ठेवले आणि कुजवणे मांगवाड्याकडे ढकलले. बलुतेदारीत मांगाकडे गावाला दोर पुरवण्याचे काम होते. मोटेचा नाडा आणि सोल, कासरे, दावी, वेसणी, मुसकी, शिंकी, सगळे त्याने वळून द्यायचे. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा दोर चढे तो त्याचा, आणि वेशीचे तोरणही त्यानेच आणून बांधायचे. राज्यकर्त्याला फाशी द्यायची असली की त्या दोरालाही त्याचाच हात लागे, आणि शिव्याशापांत वाटाही त्यालाच. मोबदला सुगीला खळ्यावर मिळे : चार पेंढ्या, पदरात दोन पायली दाणे. किती द्यायचे ते देणारा ठरवी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुत्याचा तपशील भरपूर आहे. पुस्तक मोलाचे आहे यात शंका नाही. पण ते खळ्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेने लिहिले आहे. बलुते मागायला आलेल्या माणसाचा तिथे हिशेब होतो तो कुणब्यावरचा बोजा म्हणून. बुडालेल्या पेंढीपाशी उभे राहून तो हिशेब केला असता तर वेगळा निघाला असता.

आता वही कोणाच्या हातात गेली ते पाहू. इंग्रजांना दोराची गरज शेतीसाठी नव्हती, जहाजांसाठी होती. शिडाच्या जहाजाला लागणारा दोर रशियातल्या हेम्पचा असे. नेपोलियनबरोबरच्या युद्धकाळात तो पुरवठा धोक्यात येताच ईस्ट इंडिया कंपनीला हिंदुस्थानातल्या धाग्यांची आठवण झाली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथल्या अनेक वनस्पतींचे वाख काढून, त्यांच्या दोऱ्या वळून, त्यांना वजने टांगली. कोरड्या दोरीने किती वजन पेलले, भिजलेलीने किती, पाण्यात फार दिवस बुडवून ठेवल्यावर किती, याचे तक्ते केले. वाखाच्या पिकांची आधुनिक अर्थाने झालेली ही आपल्या देशातली पहिली मोठी पारख. रकाने नौदलाचे होते. वैरणीचा रकाना नव्हता, कारण जहाज वैरण खात नाही. भाजीचाही नव्हता.

पुढे क्रिमियाच्या युद्धात रशियाचा हेम्प पुन्हा अडला. १८५५ साली जॉन फोर्ब्स रॉइल यांचा हिंदुस्थानातल्या धागेदार वनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रॉक्सबर्गचे जुने तक्ते त्यात आहेत, ताग आहे, अंबाडी आहे, घायपाताची जात आहे. त्याच १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे देशातली पहिली तागाची सूतगिरणी सुरू झाली. आणि त्याच १८५५ साली 'ज्ञानोदय'च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. आमच्या लोकांना जमिनीवरून हुसकून मोठमोठ्या इमारती बांधल्या, त्यांना पायात गाडले, धर्माच्या पुस्तकाला शिवू दिले नाही, हे तिने त्यात सांगितले. या तीन घटना एकमेकींना ओळखत नव्हत्या. रॉइलच्या ग्रंथात धाग्याचे वजन आहे, रिश्राच्या गिरणीत धाग्याचा नफा आहे आणि धागा ज्यांच्या घरात वळला जातो त्या घरातली मुलगी पहिल्यांदा लिहिते ती धाग्याबद्दल नाही, जमिनीबद्दल. अभ्यासकांनी हे तीन कागद एकत्र ठेवून वाचायला हवेत. आजवर रॉइल वनस्पतिशास्त्राच्या कपाटात राहिला आणि मुक्ता समाजसुधारणेच्या.

विसाव्या शतकात पारखेला शास्त्राची शिस्त आली. बिहारात पुसा येथे १९०५ साली एका अमेरिकन दात्याच्या देणगीतून सरकारी शेतकी संशोधन संस्था उभी राहिली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांची पत्नी गॅब्रिएल यांनी वाखाच्या पिकांचा अभ्यास हाती घेतला. १९१० मध्ये तागावर आणि १९११ मध्ये अंबाडीच्या दोन्ही जातींवर त्यांचे निबंध निघाले. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतून बी मागवून त्यांनी ते शुद्ध ओळींत वाढवले आणि वाखाच्या अंबाडीच्या पाच जाती व आठ प्रकार वेगळे केले. कोणाचे पान अखंड, कोणाचे हाताच्या पंजासारखे फाटलेले; कोणाचे खोड हिरवे, कोणाचे तांबडे, कोणाचे जांभळे. आजही जगभरच्या अंबाडीच्या अभ्यासाला ही यादी पायाभूत धरली जाते. गॅब्रिएल हॉवर्ड स्वतः केंब्रिजमध्ये नाव मिळवलेल्या शास्त्रज्ञ होत्या; सरकारदरबारी मात्र १९१० मध्ये त्यांची नेमणूक झाली ती पतीची मदतनीस म्हणून, आणि शास्त्रज्ञाचा हुद्दा त्यांना १९१३ मध्ये मिळाला. म्हणजे कोणाचे काम कामात धरायचे हा प्रश्न पुसाच्या बंगल्यातही होताच. फक्त तिथे तो तीन वर्षांत सुटला.

पुसाला आलेले ते बी कोणाचे होते? कोठल्या तरी गावच्या शेतकऱ्याने राखलेले, त्याच्या घरच्या बाईने मडक्यात ठेवलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या दोर वळणाऱ्याच्या पसंतीने टिकलेले. ज्या झाडाचा वाख दोर वळणाऱ्याने नाकारला त्याचे बी पुढच्या वर्षी कोण राखील? शुद्ध ओळ काढण्याआधीची निवड अशी झालेली होती. तिला शास्त्रात 'स्थानिक वाण' असे एक बिनचेहऱ्याचे नाव आहे. स्थानिक म्हणजे कुठला, आणि कोणाचा? हॉवर्ड दांपत्याला याचा दोष द्यावा असे मला वाटत नाही. तो काळच तसा होता असेही म्हणून मी सोडणार नाही, कारण पुढचा काळही तसाच राहिला.

१९२६ साली नेमलेल्या शेतकीविषयक शाही कमिशनने, ज्याला आपण लिनलिथगो कमिशन म्हणतो, देशभर हिंडून १९२८ मध्ये अहवाल दिला. बियाणे, खते, जनावरे, वैरण, सहकार या सगळ्यांवर त्यात शिफारशी आहेत. पण जमिनीची मालकी आणि कुळांची व्यवस्था यांवर काही सुचवायचे नाही अशी अट कमिशनला आधीच घातलेली होती. त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकर वतनी कामाच्या गुलामीतून सोडवणारे विधेयक मांडत होते. गावची जमीन आणि गावचे काम यांची जी गाठ बाबासाहेब सोडवू पाहत होते, तिच्याकडे पाहायचेच नाही असा कमिशनला हुकूम होता. शेतकी खात्याचा तक्ता यापुढे ज्या चौकटीत भरला गेला ती चौकट ही. श्रमाची वाटणी आणि श्रमिकांची उतरंड यांत बाबासाहेबांनी १९३६ साली जो भेद दाखवला, तो अंबाडीच्या एका पेंढीत स्पष्ट दिसतो. पण पेंढी मोजणाऱ्यांना तो विषय आपला वाटला नाही.

यानंतर अंबाडीची पारख समुद्रापलीकडे गेली, आणि तिचे कारणही युद्धच. १९४२ मध्ये जपानने फिलिपिन्स आणि डच ईस्ट इंडीज घेतले. तिथला दोराचा माल अमेरिकेला मिळेना, बंगालचा ताग येण्याची खात्री राहिली नाही. मग अमेरिकेने क्यूबात आणि नंतर फ्लॉरिडात केनाफची, म्हणजे आपल्या अंबाडीची, लागवड अभ्यासायला सुरुवात केली. १९५० च्या सुमारास क्यूबातल्या पिकावर करप्याची बुरशी अशी पडली की उभी शेते वाळली. तिला तोंड देणारी वाणे शोधताना 'एव्हरग्लेड्स ४१' आणि 'एव्हरग्लेड्स ७१' निघाली. उशिरा फुलणारी ग्वाटेमालाची वाणे आली, तैवानातून 'ताइनुंग' आली.

येथे उष्ण कटिबंधाच्या शेतीचा एक मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. अंबाडी दिवसाची लांबी पाहून फुलते. दिवस साधारण साडेबारा तासांच्या खाली आला की तिला कळी धरते आणि उंची थांबते. उत्तरेकडे उन्हाळ्याचा दिवस लांब, तिथे झाड वाढतच राहते. विषुववृत्ताजवळ दिवस बाराही महिने बारा तासांच्या आसपास, म्हणून लवकर फुलणारे वाण तिथे गुडघ्याएवढेही न होता फुलून बसते. आपल्याकडे जूनमध्ये पेरलेली अंबाडी भाद्रपदापर्यंत वाढते आणि मग फुलते. तीच रब्बीत पेरली तर वाखाला हात घालण्याजोगी होत नाही. तेव्हा एका अक्षांशावर पहिले आलेले वाण दुसऱ्या अक्षांशावर नापास होऊ शकते. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीपुढे वाखाची अंबाडी टिकत नाही, तिची लाल बहीण टिकते, हाही असाच स्थळपरत्वे निकाल फिरवणारा गुण. शास्त्रज्ञांनी स्थळाचा हा भेद चांगला ओळखला आणि त्याला रकाना दिला. एकाच गावात, एकाच अक्षांशावर, वेशीच्या आत आणि वेशीच्या बाहेर पारख बदलते याला मात्र रकाना मिळाला नाही.

वैरणीचा रकाना उशिरा आला. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत कागदाच्या लगद्यासाठी शेकडो वनस्पतींची चाळणी झाली तीत केनाफ वर आली. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या एका दैनिकाने तिच्या कागदावर अंक छापून पाहिला. या कामात पाल्याचे काय करायचे हा प्रश्न निघाला आणि मग गुरामेंढरांपुढे टाकून पाहणे सुरू झाले. आकडे बोलके आहेत. पाल्यात प्रथिने शेकडा १४ पासून ३४ पर्यंत, खोडात अवघी २ ते १२, सबंध झाडात ६ ते २३. इतकी मोठी तफावत मुख्यतः वयामुळे पडते. दोन-सव्वादोन महिन्यांचे कोवळे झाड कापले तर ते उत्तम वैरण. चार-पाच महिन्यांचे झाड म्हणजे वाख आणि लाकूड. एकाच झाडाकडून एकाच वेळी दोन्ही पूर्ण मिळत नाही. शेंडा कापून गुराला घातला तर झाड मरत नाही, बगलेतून फुटते. पण फांद्या फुटल्या की वाख तुटक आणि आखूड होतो. मग उरतो तो विरळणीचाच मार्ग : दाट पेरायचे, कोवळेपणी निम्मे उपटून खायचे आणि खाऊ घालायचे, राहिलेले वाखाला वाढू द्यायचे. आपल्या बाया करत होत्या ते हेच.

तागाची गोष्ट थोडी निराळी आहे. तो शेंगवर्गातला, हवेतला नत्र मुळांत धरणारा, म्हणून आज त्याचा मान हिरवळीच्या खताचा. दीड-दोन महिन्यांचा झाला की नांगराखाली गाडतात. वैरण म्हणून तो जपून द्यावा लागतो, कारण त्याच्या कुळातल्या कित्येक जातींत यकृत बिघडवणारे विष असते आणि तागाचे बीही निर्धोक नाही. हवाई बेटांत १९८० च्या दशकात 'ट्रॉपिक सन' हे वाण प्रसारित झाले त्यामागे या विषाची तपासणी होती. जनावराला विष होईल का, हे तपासायला शास्त्र तयार झाले ही चांगलीच गोष्ट. कुजवणीच्या पाण्यात उभ्या राहणाऱ्याच्या कातडीला काय होते, हे वाणाच्या तक्त्यात तपासावे असे मात्र फार काळ कोणाला सुचले नाही.

इकडे १९४७ च्या फाळणीने तागाच्या गिरण्या भारतात आणि ताग पिकवणारी बहुतेक जमीन पूर्व पाकिस्तानात अशी स्थिती झाली. गिरण्यांना कच्चा माल हवा होता. तेव्हा अंबाडी ऊर्फ मेस्ता राष्ट्रीय पीक ठरली. बराकपूरच्या केंद्राने आणि आंध्रातल्या आमदालवलसाच्या केंद्राने नवी वाणे दिली. 'एचसी ५८३', 'एएमसी १०८' ही नावे त्या काळातल्या कामाची आहेत. उत्पन्न वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. माल गिरणीकडे जाऊ लागला. गावच्या दोराची मागणी मात्र दुसरीकडून आटत होती. मोटेच्या जागी ऑइल इंजिन आणि विजेचा पंप आला, नाडा आणि सोल निरुपयोगी झाले. मग नायलॉन आले, पाठोपाठ प्लॅस्टिकचा दोर आला. तो पावसात कुजत नाही आणि बाजारात रोख मिळतो. बलुते सुटले. सुटले ते चांगलेच झाले. चार पेंढ्यांसाठी खळ्यावर ताटकळणे संपले याचे दुःख मानणारा माणूस मातंग वस्तीत सापडणार नाही. गावगाड्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्या पांढरपेशा लेखकांनी हे ध्यानात घ्यावे. पण बलुते सुटताना बदल्यात जमीन मिळाली नाही, भांडवल मिळाले नाही, आणि हातात होती ती पारखही बिनकामाची ठरली. ज्याला वाख कळत होता तो खडी फोडायला आणि ऊस तोडायला गेला. संशोधन केंद्रांना वाख सोलणारे मजूर लागत होते. वाख ओळखणारा माणूस सल्ल्याला बोलवावा असे कोणत्या केंद्राने केल्याचे माझ्या वाचनात नाही.

काही मित्र विचारतील की दोर वळण्याचे कौशल्य गौरवायचे म्हणजे जातीचा धंदाच गौरवायचा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. जन्माने लादलेले काम गौरवण्याजोगे नसते. मात्र ते काम करताना माणसाने जे जाणले ते त्याचे स्वतःचे असते. ते जाणतेपण पुसून टाकून त्याच्या हातात फक्त घाण शिल्लक ठेवणे ही व्यवस्थेची जुनी चाल आहे. पिकाचे श्रेय शेतकऱ्याला, वाणाचे श्रेय शास्त्रज्ञाला, मालाचे श्रेय गिरणीला आणि वास तेवढा आमच्या अंगाला, ही वाटणी आम्ही का मान्य करावी?

अलीकडे काही हालचाल झाली आहे. कुजवणीचे दिवस कमी करणारी जंतूंची भुकटी बराकपूरच्या संस्थेने 'क्रायजाफ सोना' या नावाने काढली. हिरवी साल यंत्राने आधीच सोलून तेवढीच कुजवण्याची रीत आहे. तिला पाणी कमी लागते आणि पेंढ्यांचा बोजाही उचलावा लागत नाही. ही साधने वाणाच्या पारखेतच धरायला हवीत. ज्या वाणाची साल यंत्राने सहज सुटते, ज्याची कुजवण चार दिवस लवकर होते, ज्यासाठी माणसाला पाण्यात कमी तास उभे राहावे लागते, ते वाण हेक्टरी मणभर वाख कमी देत असले तरी वरचे ठरू शकते. दुष्काळी भागात तळेच नसेल तर गिरणीच्या पसंतीचे लांब वाखाचे वाण काय कामाचे? तिथे वैरणीची आणि भाजीची अंबाडी खरी. कमी पाऊस, हलकी जमीन, एक-दोन शेळ्या, घरातली दोनच माणसे कामाची, असे शेत प्रयोगाच्या आराखड्यात घेतल्याशिवाय हे निकाल निघणार नाहीत.

आणि असे शेत महाराष्ट्रात कल्पनेतले नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते पडीक आणि गायरान जमिनींसाठी. मराठवाड्यात महार-मातंगांनी कसलेली गायराने कित्येक गावांत आहेत. जनावरांच्या चराईसाठी राखलेली म्हणून सांगितली जाणारी ही जमीन. तिच्यावर दलिताने ज्वारी पेरली की गावाला एकदम गुरांची आठवण होते आणि उभ्या पिकात गुरे सोडली जातात. अशा जमिनीच्या कडेला अंबाडीचा दाट पट्टा असेल तर तो निदान वैरण देतो, भाजी देतो, आणि वैरण पिकवत नाही हा आक्षेपही घेता येत नाही. हा उपयोग कोणत्या तक्त्यात बसवायचा ते शेतकी विद्यापीठांनी ठरवावे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासनाचा निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. त्यानंतरही पुष्कळ कसणाऱ्यांची नावे सातबाऱ्यावर चढलेली नाहीत, आणि सातबाऱ्यावर नाव नसले की बियाण्याची सवलत, पीककर्ज आणि विमा यांतले काहीच मिळत नाही, मग वाण कोणतेही असो.